धूळ आहे हे ठीक, पण फोटोत दिसेल किती?

पुढचं काम मोकळ्या आकाशाचं, संथ पाण्याचं आणि धुक्याचं होतं, आणि त्यातले बरेच फोटो मोठ्या आकारात छापले जाणार होते. अशा कामाला मी लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, सहसा एफ/११ वर ठेवते; आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक. जवळचा दगड आणि लांबची टेकडी दोन्ही नेटकी हवी असतील तर एफ/१६. लेन्स बदलता बदलता कॅमेऱ्यात धूळ शिरतेच, तशी माझ्याही शिरली होती. अलीकडच्या फोटोंत आकाशात करडे ठिपके डोकावायला लागले होते. आता सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा फलक, ओल्या स्वॅबने (मऊ कापडाच्या चपट्या काडीने) पुसून घ्यायचा, नुसता ब्लोअर (हवा मारणारा रबरी फुगा) मारायचा, की आहे तसंच निघायचं आणि नंतर संगणकावर डाग काढायचे, हे ठरवायचं होतं.

पुसून टाक, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण स्वॅब फिरवणं बिनधोक नसतं. एखादा कठीण कण काचेवरून ओढला गेला तर ओरखडा पडतो, आणि त्याला मग इलाज नाही. म्हणून हात लावण्याआधी मला अंदाज हवा होता: कुठला कण, कुठल्या अ‍ॅपर्चरला, कशाच्या पार्श्वभूमीवर, किती दिसणार. हा अंदाज बऱ्यापैकी नेमका बांधता येतो, आणि तो कसा बांधला ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण धुळीवरच्या बहुतेक चर्चा ‘चाचणी करा, डाग दिसले की साफ करा’ एवढ्यावरच थांबतात.

सुरुवात मीही चाचणीच्या फोटोनेच केली. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, सगळ्यात कमी, अ‍ॅपर्चर एफ/२२, ऑटोफोकस बंद करून फोकस अनंतावर, आणि लेन्सच्या अगदी पुढ्यात संगणकाचा कोरा पांढरा पडदा. शटर मुद्दाम संथ ठेवलं आणि ते उघडं असताना कॅमेरा हलकेच फिरवत राहिले. पडद्याचे पिक्सेल, त्यावरचे बोटांचे ठसे, सगळं त्या हलण्यात विरून जातं. धूळ मात्र सेन्सरबरोबरच हलते, त्यामुळे ती आपल्या जागी उमटते. एक्स्पोजर असं ठेवलं की हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतला उजेड दाखवणाऱ्या आलेखाचा, उंचवटा मध्याच्या उजवीकडे येईल पण कडेला टेकणार नाही. पांढरं पूर्ण जळालं की फिकट डागही त्यात जळून जातात आणि सेन्सर स्वच्छ असल्याचा भास होतो.

मग फाइल उघडून कॉन्ट्रास्ट जवळजवळ टोकाला नेला. जे दिसलं ते पाहून कुणीही घाबरेल: सगळ्या फ्रेमभर ठिपके, काही काळेकुट्ट, काही धुरकट, आणि वरच्या भागात एक वाकडा तंतू. लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डाग उठावदार करून दाखवणारी सोय २०१३ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. तीत तर चित्र आणखी भीषण दिसतं. पण हा फोटो जाणूनबुजून वाईटात वाईट परिस्थितीत काढलेला असतो. सगळ्यात बारीक अ‍ॅपर्चर, सगळ्यात सपाट पार्श्वभूमी, वर ताणलेला कॉन्ट्रास्ट. धूळ कुठे कुठे आहे एवढं तो सांगतो. माझ्या फोटोंत ती किती दिसेल हे त्यावरून कळत नाही, आणि मला तर तेवढंच हवं होतं.

त्यासाठी धूळ नेमकी कुठे बसते ते पाहावं लागतं. प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनवर ती पोचतच नाही. त्याच्या पुढ्यात काचेचे थर असतात: इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर, बऱ्याच कॅमेऱ्यांत लो-पास फिल्टर, वरची संरक्षक काच. या थरांची एकूण जाडी कॅमेऱ्यागणिक वेगळी, साधारण एखाद्या मिलिमीटरपासून चार मिलिमीटरपर्यंत. धूळ या काचेच्या वरच्या पृष्ठभागावर बसते आणि पिक्सेलवर तिची फक्त सावली पडते. ट्यूबलाइटखाली टेबलापासून थोडा वर हात धरला तर सावली पसरट आणि फिकी पडते, एकाच बारीक बल्बखाली तोच हात धरला तर काळी आणि रेखीव; इथेही तेच घडतं. एफ/२.८ ला पिक्सेलकडे येणारा प्रकाश रुंद तोंडाच्या शंकूतून येतो, वाटेतला कण त्या शंकूचा इवलासा भाग अडवतो, आणि सावली इतकी पातळ होते की तिचा पत्ता लागत नाही. एफ/१६ ला शंकू निमुळता होतो, आणि तोच कण त्याचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो.

हिशेब सोपा आहे. धुळीच्या पातळीवर शंकूची रुंदी म्हणजे काचेची जाडी भागिले अ‍ॅपर्चरचा आकडा. जाडी इथे हवेच्या हिशेबात धरायची, कारण काचेत किरण वाकतात आणि दोन मिलिमीटरची काच सुमारे १.३ मिलिमीटर हवेसारखी वागते. माझ्या कॅमेऱ्यातलं हे अंतर कुठे छापलेलं नव्हतं, म्हणून ते डागांवरूनच काढलं. सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, अर्थात ०.००६ मिलिमीटरचा. एक ठळक गोल डाग निवडून तो आधी एफ/२२ ला आणि मग एफ/११ ला मोजला, एका बाहेरच्या काठापासून दुसऱ्यापर्यंत. पहिल्या फोटोत तो वीसेक पिक्सेल भरला, दुसऱ्यात एकतीसेक. डागाची रुंदी म्हणजे कणाची रुंदी अधिक शंकूची रुंदी; कण तर तोच, म्हणजे वाढलेले अकरा पिक्सेल शंकूचे. अकरा पिक्सेल म्हणजे ०.०६६ मिलिमीटर, आणि एक-अकरांशातून एक-बावीसांश वजा केला की एक-बावीसांशच उरतो, म्हणून त्याला २२ ने गुणायचं. उत्तर दीड मिलिमीटरच्या आसपास आलं. डागाचे काठ विरळ असतात, त्यामुळे हे मोजमाप ढोबळच, पण कामाला पुरेसं. त्याच आकड्यांतून कणाची रुंदीही निघाली: सुमारे ०.०५ मिलिमीटर, म्हणजे बारीक केसाच्या जाडीएवढी.

आता शिडी मांडता येते. दीड मिलिमीटर अंतर आणि ०.०५ मिलिमीटरचा गोल, अपारदर्शक कण धरला तर एफ/१६ ला तो सावलीच्या मध्यभागी सुमारे २८ टक्के प्रकाश अडवतो. एफ/११ ला १३ टक्के, एफ/८ ला ७, एफ/५.६ ला साडेतीन, एफ/४ ला दोनच्या आत, आणि एफ/२.८ ला एक टक्काही नाही. एक एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाशाची एकेक पायरी, उघडत गेलं की डागाचा काळेपणा निम्मा निम्मा होत जातो. आणि त्याच वेळी तो पसरतो: एफ/१६ ला २४ पिक्सेलचा असलेला डाग एफ/४ ला सत्तर पिक्सेलच्या वर जातो. मोठा झालेला डाग जास्त दिसेल असं वाटतं, पण पातळ झालेली सावली पसरली की तिचे काठच सापडत नाहीत, आणि डोळा काठ शोधत असतो.

कागदावरच्या आकड्यांवर विसंबायचं नव्हतं, म्हणून पडताळा घेतला. त्यासाठी मी वापरलेली रीत मला फार आवडते, कारण तिला कुठलंही वेगळं साधन लागत नाही. कॉन्ट्रास्ट न ताणलेल्या मूळ रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) डागाच्या मध्यावर मऊ काठाचा छोटा ब्रश ठेवायचा आणि त्याचं एक्स्पोजर हळूहळू वाढवत न्यायचं, डाग आजूबाजूच्या करड्यात मिसळेपर्यंत. जितकं वाढवावं लागलं तितकी सावली खोल. एक दशांश स्टॉप म्हणजे सुमारे ७ टक्के, दोन दशांश म्हणजे १३, अर्धा स्टॉप म्हणजे २९. माझा डाग एफ/१६ ला जवळजवळ अर्ध्या स्टॉपवर मिटला, एफ/११ ला दोन दशांशाच्या आसपास, एफ/८ ला एक दशांशावर. एफ/५.६ ला ब्रश नेमका कुठे ठेवायचा हे शोधण्यासाठी मला एफ/१६ चा फोटो शेजारी उघडून ठेवावा लागला. शिडी बरोबर होती.

याच पडताळ्यात तो वाकडा तंतू मात्र शिडीला जुमानेना. एफ/२२ च्या फोटोत तो गोल डागापेक्षा फिका दिसत होता, म्हणून मी त्याला दुय्यम धरून ठेवलं होतं. एफ/८ ला गोल डाग पुसट झाला तेव्हा तंतू त्याच्याहून ठळक दिसत होता. एफ/४ ला गोल डाग नाहीसा, आणि तंतूची धुरकट पट्टी अजून तिथेच. कारण शोधायला कागद घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. गोल कण शंकूच्या वर्तुळात एखाद्या ठिपक्यासारखा असतो; वर्तुळाचा व्यास वाढला की त्याचा हिस्सा वर्गाच्या प्रमाणात घटतो. तंतू मात्र वर्तुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा पडलेला असतो. वर्तुळ वाढलं की त्याच्याबरोबर तंतूचा आत येणारा तुकडाही लांबतो. त्यामुळे त्याचा हिस्सा सरळ प्रमाणात घटतो, वर्गाच्या नाही. एका स्टॉपला निम्मा होण्याऐवजी तो सात-दशांश उरतो.

आकड्यांत पाहिलं तर हा फरक फार मोठा आहे. ०.०२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे त्या गोल कणाच्या निम्म्याहून बारीक तंतू एफ/१६ ला २७ टक्के प्रकाश अडवतो, जवळजवळ गोल कणाइतकाच. एफ/८ ला गोल कण ७ टक्क्यांवर आलेला असतो आणि तंतू अजून १३-१४ वर. एफ/४ ला गोल कण दोनच्या आत, तंतू सातच्या आसपास. कापडाचे, स्वॅबचे, हातमोज्यांचे धागे सहज अर्धा-पाऊण मिलिमीटर लांब असतात, त्यामुळे एफ/४ च्या शंकूलाही ते आरपार छेदून जातात. शिवाय डोळा ठिपक्यापेक्षा रेघ लवकर पकडतो. तेव्हापासून चाचणीच्या फोटोत मी आधी तंतू शोधते, मग ठिपके मोजते. उघड्या अ‍ॅपर्चरवर पोर्ट्रेट काढणाऱ्यांना धुळीची फिकीर नको असं सर्रास म्हटलं जातं. गोल कणांपुरतं ते खरं आहे, लांब धाग्याच्या बाबतीत ते मला पटत नाही.

सावली किती खोल हे कळलं. ती दिसेल का, हे तिच्या मागे काय आहे त्यावर ठरतं. चांगल्या उजेडात, सलग पृष्ठभागावर माणसाच्या डोळ्याला साधारण एका टक्क्याचाही फरक कळू शकतो, पण त्यासाठी काठ स्पष्ट हवा. काठ विरळ असेल तर बराच जास्त फरक लागतो. माझ्यापुरती मी आकाशासाठी तीन टक्क्यांची रेघ आखली आहे. त्याच्या खालचा मऊ डाग मला छापील फोटोत शोधूनही सापडत नाही. झाडोरा, खडक, गवत, गर्दी यांत मात्र वीस टक्क्यांचा डागही हरवतो. हे तपासायला जुने फोटो काढले. एकाच सकाळचे, एफ/११ चे, एकाच जागी तोच गोल डाग असलेले. आकाशातला लगेच दिसला. पानांवर पडलेला मी २०० टक्के मोठं करून, जागा माहीत असूनही, खात्रीने दाखवू शकले नाही. जुने फोटो पाहण्याचा आणखी एक फायदा झाला: मागे मागे जात गेलं की डाग कधी आला हे कळतं, आणि तेव्हापासून तो जागचा हललेला नाही म्हणजे कण चिकटलेला आहे हेही समजतं.

पार्श्वभूमीत पुढे संगणकावर आपण काय करणार हेही धरावं लागतं, आणि माझ्या मते लोक नेमकं हेच विसरतात. धुकं कापणारा डीहेझचा स्लायडर ओढला, की त्याच्यासोबत डागही ओढले जातात. आकाश नाट्यमय करायचं म्हणून कॉन्ट्रास्ट ठरवणारी वक्ररेषा दीडपट तीव्र केली, की तीन टक्क्यांचा डाग साडेचारचा होतो. काळ्या-पांढऱ्यात निळा रंग गडद केला की आकाशातले डाग एकेक करून वर येतात. म्हणून धुक्याच्या कामासाठी मी मूळ फाइलमधली मर्यादा तीनवरून दोनवर आणली. उलट दिशेलाही गोष्टी आहेत: आयएसओ चढवला की दाण्यांच्या गोंगाटात फिके डाग बुडतात, आणि पूर्ण जळालेल्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर सौम्य डाग उमटतच नाही.

सगळ्यात जास्त उघडं पाडतं ते हलणं आणि पुन्हा पुन्हा येणं. व्हिडिओत कॅमेरा आकाशावरून फिरला की दृश्य सरकतं आणि डाग जागेवर राहतो. स्थिर फोटोत ज्याकडे कुणी पाहिलं नसतं तो फिका डाग तिथे काचेवरच्या घाणीसारखा दिसतो. टाइमलॅप्समध्ये ढग धावतात, डाग थांबलेला. पॅनोरमामध्ये एकच कण प्रत्येक फ्रेममध्ये येतो, आणि जोडलेल्या आकाशात सारख्या अंतरावर ठिपक्यांची रांग उभी राहते. एकटा ठिपका दूरचा पक्षी म्हणून खपतो. रांग खपत नाही.

काही गोष्टी धूळ नसतात, त्या लगेच बाजूला काढल्या. एकाच पिक्सेलचा टोकदार चमकता ठिपका म्हणजे हॉट पिक्सेल, तो लांब एक्स्पोजरमध्ये उठतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी कचकच फोकसिंग स्क्रीनवरची असते, फोटोत येत नाही. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ ठिपका म्हणून सहसा उमटत नाही. तेलाचा थेंब मात्र खरा त्रास. तो अगदी गोल असतो आणि बऱ्याचदा मध्ये उजळ दिसतो, आणि ब्लोअरला तो दाद देत नाही. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर असे डाग साठण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीने २०१४ मध्ये तपासणी, सफाई आणि शटर बदलणं विनामूल्य करून दिलं. माझ्या डागांच्या रांगेत तेल दिसलं नाही.

छपाईचा आकार हा तसा छोटा मुद्दा. एफ/१६ चा माझा डाग ०.१४ मिलिमीटरचा, म्हणजे फ्रेमच्या रुंदीच्या ०.४ टक्के. ३० सेंटिमीटर रुंद छपाईत तो सव्वा मिलिमीटरचा, मीटरभर रुंद छपाईत चार मिलिमीटरचा. फोनवर पाहायच्या फोटोत हा प्रश्न जवळपास संपतोच. सेन्सर लहान असेल तर तोच कण फ्रेमचा मोठा भाग व्यापतो, पण लहान सेन्सरवर तेवढ्याच खोलीच्या नेटकेपणासाठी अ‍ॅपर्चर कमी मिटावं लागतं, त्यामुळे फिटंफिट होते.

हे सगळं समोर ठेवल्यावर निर्णय अवघड राहिला नाही. आधी कॅमेऱ्याची स्वतःची सफाई चालवली, तीही लागोपाठ. काच अतिशय वेगाने थरथरवून धूळ झटकायची ही युक्ती ऑलिंपसच्या ई-१ मध्ये २००३ साली आली आणि आता बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. सुट्टे, कोरडे कण ती झटकते, चिकटलेले नाही. मग बॅटरी पूर्ण भरून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून ब्लोअर मारला. डब्यातली दाबाची हवा मी कधीच वापरत नाही, तिच्यातून द्रवाचे फवारे उडून काचेवर बसू शकतात. तोंडाने फुंकणं तर नाहीच.

नव्या चाचणीत तंतू गेलेला होता. मला सगळ्यात मोठा दिलासा तोच. बारीक ठिपकेही निम्म्याहून कमी झाले. उरला तो गोल डाग, फोटोच्या वरच्या उजव्या भागात, आकाशात बरोब्बर. एफ/११ ला तेरा टक्के, माझ्या दोनच्या रेघेच्या कितीतरी वर. साधे एकेकटे फोटो असते तर मी पुसायच्या भानगडीत पडले नसते. एक गोल डाग निळ्या आकाशातून काढायला एक क्लिक लागतो. पण पॅनोरमा काढायचे होते, आणि धुक्याच्या विरळ उतरत्या छटांमध्ये डाग काढला की त्याच्या जागी ठिगळ दिसतं. म्हणून सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब घेतला. कॅमेऱ्याचं तोंड आपल्याकडे करून आत पाहिलं तर फोटोत वर उजवीकडे असलेला डाग खाली उजवीकडे असतो: वर-खाली उलटं होतं, डावं-उजवं तसंच राहतं. जागा माहीत असली की भिंगातून कण दिसतो का ते आधी पाहता येतं. दिसला. काचेच्या कडेशी नव्हता, म्हणून एका दिशेने एकच सरळ हात, मग स्वॅब उलटून परतीचा एक.

त्यानंतरच्या एफ/२२ च्या फोटोतही ठिपके होते. सगळे ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचे. एफ/११ ला असा कण दोन टक्के, एफ/८ ला एक. पुन्हा स्वॅब घ्यायचा मोह होतो खरा, कारण चाचणीचा ताणलेला फोटो कधीच कोरा दिसत नाही. मी तिथे थांबले.

त्यांचा नकाशा मात्र जपून ठेवला, आणि त्यातही एक मेख आहे. काही कॅमेऱ्यांत कोऱ्या फोटोवरून धुळीच्या जागा नोंदवून पुढच्या फोटोंतून त्या आपोआप वजा करायची सोय असते. फ्रेमच्या मध्यावर ती छान चालते. कडेला मात्र सावली कुठे पडेल हे प्रकाश किती तिरका येतो त्यावर ठरतं, आणि तो प्रत्येक लेन्सचा वेगळा. दोन लेन्स वापरून पाहिल्या तर कडेचा तोच कण चाळीस-पन्नास पिक्सेल सरकलेला निघू शकतो. म्हणून नकाशा करायचा तर लेन्सनिहाय करायचा.

आकाशाचं काम ठरल्याप्रमाणे पार पडलं. पॅनोरमांमध्ये रांग आली नाही, डीहेझ ओढल्यावर दोन ठिकाणी अंधुक काहीतरी जाणवलं, ते तिथेच मिटवलं. सोडून दिलेले ०.०२ वाले ठिपके वर आले ते दुसऱ्याच कामात, एका बियांच्या मालिकेत, करड्या कागदावर १:१ मॅक्रो काढताना. अ‍ॅपर्चर एफ/११ च ठेवलं होतं. पण १:१ ला लेन्स पुढे सरकते आणि प्रकाशाचा शंकू एफ/२२ इतका निमुळता होतो. काही कॅमेरे हा परिणामी आकडा दाखवतात, काही मूळचाच दाखवत राहतात. दोन टक्क्यांचे कण तिथे आठ-नऊ टक्क्यांवर गेले आणि करड्या कागदावर स्वच्छ दिसले. तिथे सेन्सर पुसायची गरज नव्हती. अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर आणलं, म्हणजे परिणामी एफ/११, आणि कमी पडलेली खोली फोकस सरकवत काढलेल्या फ्रेम एकावर एक रचून भरून काढली. ठिपके पुन्हा दोन टक्क्यांवर आले.